मदत हवी आहे: ०-६-० वाफेच्या इंजिनाचे कपलिंग रॉड एका जागी अडकतात

मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये (१:८७, गेज म्हणजे रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) ०-६-० इंजिन (सहा चालक चाकं, पुढे-मागे आधाराची चाकं नाहीत) पूर्ण हाताने बनवतोय. चौकट पितळी पत्र्याची, कपलिंग रॉड (एका बाजूची चाकं एकमेकांशी जोडणारे दांडे) निकेल सिल्व्हरचे आणि मधल्या क्रँकपिनवर (चाकावरची, रॉड अडकवायची खुंटी) सांधलेले. बॉयलर आणि कॅब मनासारखे झालेत, अडलंय ते चाकांपाशी.

रॉड काढले की तिन्ही अ‍ॅक्सल बोटाच्या धक्क्याने फिरतात. पुढची आणि मधली जोडी रॉडने जोडली तरी छान चालतं. मागची जोडली की उजवा क्रँकपिन पुढच्या टोकाला, म्हणजे अ‍ॅक्सलच्या सरळ रेषेत आला की चाकं अडतात. बाकी फेरी मोकळी. उलट दिशेनेही नेमकं तिथेच. मोटर आणि गिअर काढून पाहिलंय, त्यामुळे दोष तिकडचा नाही. उजव्या-डाव्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन गुण्याने तपासला, डोळ्यांना तरी तिन्ही अ‍ॅक्सलवर सारखा दिसतो. रॉड अदलाबदल करूनही तेच.

रॉडची भोकं मोठी करा, हा सल्ला बरेच जण देतात. मला ते शेवटचा उपाय म्हणूनच करायचंय, कारण ढिले रॉड संथ वेगात लचकतात आणि शंटिंगच्या इंजिनाची सगळी मजा संथ चालण्यातच आहे. लेथ किंवा क्वार्टरिंग जिग (हा ९० अंशांचा कोन नेमका बसवायचं साधन) नाही. कानस, हँड ड्रिल आणि व्हर्नियर एवढंच आहे.

तर मागच्या चाकाचा कोन किंचित चुकलाय, क्रँकपिन तिरका बसलाय, की अ‍ॅक्सलमधलं अंतर आणि रॉडची लांबी जुळत नाही, हे चाकं न उपटता कसं ओळखायचं?