‘परिसंस्था सेवा’ : सेवा कोण करतं आणि ती कुणाला मिळते?

मूळ प्रश्न

जैवविविधता आणि जमिनीचा वापर यांच्या नकाशांवरच्या एका अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. ‘इकोसिस्टिम सर्व्हिसेस’साठी, म्हणजे जंगल, नदी अशा परिसंस्थांमुळे माणसांना होणाऱ्या लाभांसाठी, सगळीकडे ‘परिसंस्था सेवा’ दिसतं, म्हणून तेच घेतलं. पण पहिल्याच पानावर अडले. ‘जंगल सेवा करते’ लिहिलं तर कानाला खटकतं, ‘जंगल सेवा पुरवते’ लिहिलं तर जंगल एखादी कंपनी वाटतं. त्यात ‘फंक्शन’ आणि ‘सर्व्हिस’ या दोन्हींना मी ‘कार्य’ लिहून मोकळी झाले होते. तपासणाऱ्या अभ्यासकांनी मजकूर परत पाठवला : दोन वेगळ्या नकाशांखाली एकच शीर्षक कसं?

‘मॉडेल’ आणि ‘लँडस्केप’ यांचंही नक्की ठरत नाही. कृपया सुचवा.

प्रतिसाद १

खटकतं त्याचं कारण क्रियापदात आहे. ‘सेवा करणे’ म्हटलं की करणाऱ्याच्या मनातला भाव येतो : आजाऱ्याची सेवा, देवाची सेवा. ‘सेवेत असणे’ म्हणजे नोकरी. ‘सेवा पुरवणे’ म्हणजे करार आणि मोबदला. जंगलाला यातलं काहीच लागू नाही.

‘मिळणे’ वापरून पाहा. ‘जंगलामुळे आपल्याला ही सेवा मिळते.’ यात जंगलाचा हेतू सांगावा लागत नाही आणि घेणाऱ्याला चतुर्थीत यावंच लागतं. मराठीची ही सोय इथे फार उपयोगाची आहे.

शिवाय ‘परिसंस्था सेवा’ अशी सुटी जोडी मराठीत लंगडते. समास करायचा तर ‘परिसंस्थासेवा’ जोडून लिहा, नाहीतर सरळ ‘परिसंस्थेच्या सेवा’ म्हणा. मी दुसरं लिहीन.

प्रतिसाद २

मी नकाशे करतो, म्हणून कामाच्या बाजूने सांगतो. तुमच्या अभ्यासकांचं म्हणणं अगदी रास्त आहे.

दाट झाडीचा एक डोंगरउतार घ्या. पानं पावसाच्या थेंबांचा मारा झेलतात, मुळं माती धरतात, पालापाचोळ्यामुळे पाण्याचा वेग मोडतो. हे झालं कार्य. खाली कोणी राहत असो वा नसो, ते चालूच असतं. आता अगदी तसाच दुसरा उतार घ्या. पहिल्याच्या पायथ्याशी धरण आहे, दुसऱ्याच्या खाली मैलोन्‌मैल वस्तीच नाही. माती दोन्हीकडे सारखीच अडते, पण धरणात गाळ कमी साचण्याचा लाभ पहिल्याच ठिकाणी माणसांना मिळतो. कार्याच्या नकाशावर दोन्ही उतार गडद रंगात येतील, सेवेच्या नकाशावर एकच.

हे आकड्यांतही दिसतं. मातीच्या धुपीचा रूढ हिशोब म्हणजे पाच गोष्टींचा गुणाकार : पावसाचा मारा, मातीचा धूप होण्याकडे कल, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि मशागतीची पद्धत. हा हिशोब एकदा आहे त्या जमिनीसाठी करायचा, एकदा आच्छादन नाहीच असं धरून. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तिथे अडलेली माती. स्टॅनफर्डच्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टचं ‘इन्व्हेस्ट’ हे सॉफ्टवेअर ढोबळमानाने असंच चालतं. या वजाबाकीत अजून माणूस कुठेच आलेला नाही. खालचं धरण, त्यावर अवलंबून असलेले लोक, त्यांची गरज हा थर वर ठेवल्यावरच ‘सेवा’ म्हणता येतं.

परागीभवनाचंही तसंच. मधमाशांना घरट्याला जागा आणि फुलं ही दोन्ही उडण्याच्या टप्प्यात लागतात. असं रान कितीही समृद्ध असलं, तरी शेजारी फक्त गहू किंवा भात असेल तर त्या पिकाला मधमाशीची गरज नाही. पिकाच्या हिशोबात ती सेवा शून्य, आणि रानातलं परागीभवन मात्र पूर्ण जोमात.

म्हणून ‘फंक्शन’ला कार्य, ‘सर्व्हिस’ला सेवा. हा भेद कृपा करून पुसू नका. तो पुसला की वाचक म्हणतो, ‘इथे सेवा कमी आहे, म्हणजे इथलं जंगल कमी मोलाचं.’ नकाशा तसं म्हणतच नसतो.

जैवविविधतेचा नकाशा आणखी वेगळा. एकाच झाडाची लागवड कार्बन भरपूर साठवेल, पण त्यात जीवांच्या जाती मोजक्याच सापडतील. तिन्ही नकाशे शेजारी ठेवावे लागतात, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

प्रतिसाद ३

इतिहासाची थोडी भर. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सली यांनी ‘इकोसिस्टिम’ हा शब्द १९३५ साली छापला. ‘इकोसिस्टिम सर्व्हिसेस’ हा जोडशब्द पॉल आणि ॲन एर्लिक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जोडप्याने १९८१ साली वापरला. १९९७ साली अर्थशास्त्रज्ञ कॉस्टांझा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या १७ सेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली आणि तेव्हापासून या शब्दाला पैशाचा वास चिकटला. पुढे आयपीबीईएस या, जैवविविधता आणि परिसंस्थांच्या सेवा यांवरच्या आंतरशासकीय मंचावर ‘निसर्गाचं माणसांसाठी योगदान’ अशी शब्दरचना पुढे आली, त्यामागे हीच अस्वस्थता होती.

‘योगदान’ ऐकायला गोड आहे. पण तुमच्या अहवालात सेवांची मागणी आणि पुरवठा मोजला असेल, तर तिथे ‘योगदानाची मागणी’ चालणार नाही. सेवाच ठेवा.

प्रतिसाद ४

‘मॉडेल’साठी ‘प्रारूप’ नको. प्रारूप म्हणजे आपल्याकडे कच्चा मसुदा, हरकती मागवण्यासाठी प्रसिद्ध केलेला. ‘नमुना’ म्हणावं तर मातीचा नमुना, पाण्याचा नमुना त्याच अहवालात असणार. ‘प्रतिमान’ शुद्ध आहे, पण समीक्षेत ते निकष या अर्थाने रुळलंय. ‘मॉडेल’ ठेवा आणि क्रियापद मराठी लावा : मॉडेल बांधलं, मॉडेल पडताळलं.

माझा खरा आग्रह ‘आढळ’ या शब्दासाठी आहे. पक्षी पाहणाऱ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द अहवालांतून गायब होतो आणि त्याच्या जागी ‘उपस्थिती’, ‘वितरण’ असे परके शब्द येतात. वितरण तर कुणीतरी करतं! एखादा प्राणी दिसला, लिहून ठेवला, ती नोंद. नोंदींवरून तो कुठे असतो हे कळतं, तो आढळ. तो तिथे येतो-जातो, तो वावर. त्याला राहायला-वाढायला जे लागतं ते जिथे आहे, तो अधिवास. चार शब्द, चार अर्थ.

हे नेमकेपण नकाशात निर्णायक ठरतं. २००६ साली मांडली गेलेली ‘मॅक्सेंट’ ही पद्धत फक्त ‘इथे दिसला’ अशा नोंदी घेते आणि पाऊस, तापमान, उंची यांच्याशी ताडून नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा देते. तो आकडा आढळाचा नसून अनुकूलतेचा, म्हणजे ती जागा त्या प्राण्याला किती मानवेल याचा असतो. त्या नकाशाला ‘अमुक प्राण्याचा आढळ’ असं शीर्षक दिलं की वाचक तिथे प्राणी आहे असंच समजणार. आणि ‘नोंद नाही’ हे ‘नाही’ म्हणून छापू नका. कदाचित तिथे कोणी पाहायला गेलेलंच नसेल.

एक राहिलं : शालेय पुस्तकांत आणि विश्वकोशात ‘स्पीशीज’ला जाती आणि ‘जीनस’ला प्रजाती आहे, वर्तमानपत्रांत मात्र ‘स्पीशीज’लाच प्रजाती लिहितात. तुमच्या अहवालात ‘दर चौकोनात किती’ असे आकडे असतील, तर कुठला अर्थ घेतला ते सुरुवातीलाच सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘आढळ’ने तीन शीर्षकं सुधारली. दोन नकाशांवर ‘अनुकूलता’ लिहिलं, तिसऱ्यावर खरोखर नोंदीच होत्या.

‘लँडस्केप’ला ‘निसर्गचित्र’ होतं ते काढलं, ते चित्रकलेचं. ‘भूदृश्य’ घेतलंय, पण त्यात पाहणं अधिक आणि जमीन कमी असं वाटत राहतं. जिथे शेतं, रान, ओढे, वस्ती यांचा एकत्र तुकडा अभिप्रेत आहे तिथे नुसतं ‘परिसर’ लिहिते.

पहिल्या पानावरचं वाक्य आता असं आहे : ‘या परिसरातल्या झाडीमुळे उतारांवरची माती अडते. त्यातल्या धरणाच्या वरच्या बाजूच्या उतारांची सेवा खालच्या गावांना मिळते.’

प्रतिसाद २

‘उतारांची सेवा’ पुन्हा वाचा, उतारांचीच कुणी सेवा करतंय असं वाटतं. ‘धरणाच्या वरच्या बाजूच्या उतारांमुळे खालच्या गावांना ही सेवा मिळते’ असं करा.