संगीत वाजते, पण संवाद अडकतात : इंटरप्ट तपासा

डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरील खेळात पार्श्वसंगीत नीट वाजते, पण बोलण्याचा वा गोळीबाराचा पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येतो, या एका वाचकाच्या तक्रारीवर ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्याने चढवण्याचा सल्ला दिला गेला आहे. मला तो अपुरा वाटतो. साउंड ब्लास्टर या ध्वनी-कार्डावरील संगीत यामाहाच्या एफएम चिपमधून, म्हणजे सूर स्वतः तयार करणाऱ्या चिपमधून, निघते आणि त्या चिपशी बोलायला ३८८ हा पत्ता पुरतो. बोलणे, गोळीबार असा डिजिटल ध्वनी मात्र डीएमए वाहिनीवाटे (प्रोसेसरला मध्ये न घेता) मेमरीतून कार्डाकडे जातो आणि एक तुकडा संपल्याची खबर कार्ड इंटरप्टने, म्हणजे प्रोसेसरला थांबवून लक्ष वेधणाऱ्या क्रमांकित इशाऱ्याने, देते. ती खबर चुकीच्या क्रमांकावर गेली, तर प्रोग्राम पुढचा ध्वनी भरतच नाही आणि डीएमए तोच तुकडा फिरवत राहतो. म्हणून हे लक्षण जवळजवळ नेहमी इंटरप्टचे असते. डीएमए चुकीचा असता, तर बहुधा शांतता किंवा खरखर मिळाली असती.

संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधील 'सेट ब्लास्टर=ए२२० आय७ डी१' (पत्ता २२०, इंटरप्ट ७, डीएमए १) ही ओळ जुन्या कार्डाची मांडणी बदलत नाही, केवळ प्रोग्रामला ती सांगते; खरी मांडणी कार्डावरील जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या, ठरवतात. तेव्हा आधी यंत्र उघडून जंपर पाहावेत आणि मगच ती ओळ व खेळाचा सेटअप त्यांच्याशी जुळवावा. इंटरप्ट ७ हा प्रिंटरच्या समांतर पोर्टाचाही असल्याने, ५ मोकळा असल्यास मी तोच निवडेन.