दारू सोडल्यावर मेंदूतले रिसेप्टर परत नॉर्मल होतात का? मदत हवी आहे
मंडळी, जरा मदत हवीये. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूत गाबा (मेंदू शांत करणारं रसायन) याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशींवरचे रेणू, हळूहळू दाद देईनासे होतात आणि ग्लुटामेट (मेंदूला चेतवणारं रसायन) याचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर वाढतात, म्हणजे ब्रेक घासलेला नि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, इथपर्यंत कळलं. म्हणूनच अचानक सोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या ४८ तासांत फिटसुद्धा येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये हेही पटलं. पण पुढे माझं घोडं अडतंय. गाबा-ए (गाबा रिसेप्टरचा एक प्रकार) मधलं अल्फा-१ सबयुनिट (रिसेप्टरचा एक घटक तुकडा) कमी होऊन अल्फा-४ वाढतं म्हणे, मग सोडल्यावर हे आपोआप पूर्वपदावर येतं का? आणि झोप महिनोन्‌महिने बिघडलेली राहते ती यामुळेच की वेगळं काही? फार्माकॉलॉजीवाल्यांनी प्लीज सांगा, नुसतं 'दारू वाईट' नको, ते माहितीये.