फ्रांस्वा मिशेलिन : यश कंपनीच्या रचनेचं, की रेडियलचं?

धागाकर्ता
फ्रांस्वा मिशेलिन (1926–2015) यांनी 1955 ते 1999 फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँची घरची टायर कंपनी 'मिशेलिन' चालवली आणि जगातल्या पहिल्या रांगेत नेली. माझ्या मते याचं मूळ कंपनीच्या 'कोमांदित' रचनेत आहे. तिच्यात भागधारकाचा धोका गुंतवलेल्या पैशापुरता असतो. चालक भागीदार मात्र कंपनीच्या कर्जाला स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार. त्या बदल्यात भागधारक त्याला सहजी हटवू शकत नाहीत. दर वर्षीच्या नफ्याचा धाक नसला की दहा-वीस वर्षांचा विचार करता येतो.

कातळ
मान्य नाही. रेडियल या नव्या बांधणीच्या टायरचं पेटंट 4 जून 1946 चं, तो 'एक्स' टायर बाजारात आला 1949 मध्ये, कल्पना कंपनीतल्याच मारियस मिन्योल यांची. फ्रांस्वा कंपनीत आले 1951 ला. हत्यार आधीच तयार होतं. रचनेला श्रेय कशाला?

चाकजोड
पेटंट म्हणजे कारखाना नव्हे. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला 'नायलॉन' म्हणतात, त्या बायस टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत जातात. टायर दबला की थर एकमेकांवर घासतात, तापतात, आणि बाजूची भिंत वाकली की ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग, तोही मुरडतो. रेडियलमध्ये दोरे एका बीडपासून (रिमवर बसणारी कड) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे जातात, आणि ट्रेडखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. भिंत लवचिक, ट्रेड सपाट.

खरी अडचण बनवताना येते. बायस टायर ड्रमवर नळकांड्यासारखा बांधून नंतर फुगवता येतो. पोलादी पट्टा ताणला जात नाही, म्हणून आधी सांगाडा बांधायचा, तो फुगवून गोल करायचा आणि मगच पट्टे चढवायचे. साचाही दोन झाकणांचा चालत नाही, बाजूंनी मिटणाऱ्या तुकड्यांचा लागतो. शिवाय पोलादाला रबर नुसतं चिकटत नाही, तारेवर पितळेचा मुलामा लागतो. तिथं ओल शिरली की पट्टा सुटतो. अमेरिकेच्या फायरस्टोन कंपनीच्या '500' रेडियलचे पट्टे असेच सुटले आणि 1978 मध्ये लाखो टायर परत मागवावे लागले. टायर दुप्पट टिकतो म्हणजे खप कमी होणार, शिवाय जुनी यंत्रं मोडीत काढायची! तिमाहीचा हिशेब देणाऱ्या अमेरिकी कंपन्या याच कारणानं बिचकल्या. मिशेलिननं ते केलं. मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

कातळ
यंत्रांचा मुद्दा पटला. पण याच रचनेत चूकही कोणी अडवत नाही. सित्रोएन ही मोटार कंपनी 1930 च्या दशकापासून मिशेलिनच्या ताब्यात होती. 1970 च्या दशकात ती इतकी तोट्यात गेली की प्यूजो या दुसऱ्या मोटार कंपनीला द्यावी लागली. पुढे युनिरॉयल गुडरिच ही अमेरिकी टायर कंपनी सुमारे दीड अब्ज डॉलरला घेतली. 1990 मध्ये मोठा तोटा.

धागाकर्ता
सित्रोएनचं ओझं खूप उशिरा उतरवलं, हे खरं. पण त्याच काळात कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया (1971) आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना (1975) इथं कारखाने उभे राहिले. 1970 मध्येच फोर्डनं लिंकन मार्क 3 या मोटारीला मिशेलिन रेडियल कारखान्यातूनच बसवून दिले होते. गुडरिचमुळे अमेरिकेत विक्रीचं जाळं तयार मिळालं. ती खरेदी मी चूक मानत नाही.

सांधा
कामगारांचं कोणीच बोललं नाही. क्लेरमाँमध्ये कंपनीची घरं, शाळा, दवाखाने होते, पण कामगार संघटना नको. नोव्हा स्कोशियात 1979 चा कायदा 'मिशेलिन बिल' म्हणूनच ओळखला जातो: संघटनेला मान्यता मिळायला एका कारखान्यात बहुमत असून भागत नाही, कंपनीच्या प्रांतातल्या, एकमेकांवर अवलंबून असलेल्या सगळ्या कारखान्यांत मिळून बहुमत हवं. आणि सप्टेंबर 1999 मध्ये, सूत्रं मुलाकडे, एडुआरकडे गेल्यावर काही महिन्यांतच, नफा वाढल्याच्या बातमीसोबत युरोपातल्या 7,500 नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. भागधारकांचा धाक नसलेल्या कंपनीनं ही दोन्ही एका दिवशी सांगावीत?

चाकजोड
याला माझ्याकडे उत्तर नाही. ती घोषणा चूकच होती. मात्र एक नोंदवतो: एडुआर 2006 मध्ये समुद्रात बुडून गेले, 2012 पासून प्रमुख घराण्याबाहेरचा आहे, आणि 'कोमांदित' तरीही कायम आहे. तेव्हा वाद घराण्यावर नको, जबाबदारी कोणाच्या गळ्यात आहे यावर घाला.