मदत हवी: ड्रॅगला सुटतानाच मार खातोय, टायर घेऊ की लॉन्च कंट्रोल?

बाळीवेसचा_बाण
मंडळी, पटकन सांगा. परवा रविवारी धावपट्टीवरच्या ड्रॅगला (सरळ पाव मैलाची शर्यत) जाऊन आलो. सोलापूरहून पहाटे तीनला निघालो, एवढं करून पाव मैलाला १८.४१ सेकंद. शेजारच्या लेनमधला कंपनी फिटिंग गाडीवाला पुढं निघून गेला आणि त्याचा दोस्त हसत हसत माझा व्हिडिओ काढायलाय. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रीमॅप केलंय, फिल्टर बदललाय, पैसे गेलेत. हिरवा दिवा पडला की चाकं जागेवर फिरायलेत, गाडी पुढं सरकंना. सॉफ्ट टायर घेऊ की सुटताना रेस आपोआप धरणारं लॉन्च कंट्रोलचं काही बसवून घेऊ? बजेट वीस हजार. दीड महिन्यानं परत पळवायचीय. फालतू सल्ले नकोत.

जुळे_सोलापूरकर
गाडी कुठली ते तरी सांगा की ओ.

बाळीवेसचा_बाण
स्विफ्ट. फोटो आहे की प्रोफाइलला.

जुळे_सोलापूरकर
फोटोत नुसता बोनेट आणि तुमचा गॉगल दिसतोय. पेट्रोल का डिझेल? कुठल्या सालची?

बाळीवेसचा_बाण
डिझेल, २०१४, व्हीडीआय. रीमॅप म्हटलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

टर्बो_तात्या
डिझेल असेल तर विषयच संपला. आधी मोठा इंटरकूलर, मग मोठा टर्बो, मग परत रीमॅप. मी माझ्या गाडीला केलंय, तिसऱ्या गिअरला मान मागं जाते. लॉन्च बिन्च सगळं नंतर.

साठ_फूट
तात्या, चाकं जागेवर फिरतात म्हणतोय तो, आणि तुम्ही त्याला अजून ताकद द्यायला निघालात. बाण, वेळेची स्लिप मिळाली असेल ना? त्यावरचे सगळे आकडे टाका. नुसतं १८.४१ वरून काही कळत नाही.

सेवानिवृत्त_एसटी
अ‍ॅव्हरेज किती देते? माझ्याकडे हीच गाडी आहे, पुणे रोडला चोवीस सुटते. एअर फिल्टर ओरिजिनलच ठेवा.

बाळीवेसचा_बाण
काका अ‍ॅव्हरेजचं कुठं विचारलं मी.
स्लिप: रिअ‍ॅक्शन ०.८१२, पहिले ६० फूट २.९४, अर्ध्या अंतराला ११.९, शेवटी १८.४१, वेग १२३.

होटगीरोड_एक्सप्रेस
०.८१ रिअ‍ॅक्शन? झोपला होतास का बे. पाऊण सेकंद तिथंच गेलं. शेवटचा पिवळा दिवा लागला की सोडायचं, हिरव्याची वाट बघत बसायचं नाही. हे सुधारलं की १७.७ आलेच.

साठ_फूट
नाही येणार. रिअ‍ॅक्शन त्या वेळेत धरतच नाहीत. पुढचं चाक स्टेजच्या (सुटायच्या रेषेवरच्या) बीममधून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं. हिरवा पडल्यावर चहा पिऊन निघालात तरी १८.४१ चे १८.४१ च राहतील. शर्यत हराल, तो भाग वेगळा.
बाण, तुमचं उत्तर स्लिपवरच आहे. १२३ च्या वेगानं बाहेर पडणाऱ्या गाडीला साडेसतराच्या आसपास यायला पाहिजे. म्हणजे इंजिनात दम आहे, चोरी सुरुवातीला होतेय. ६० फुटाला २.९४ म्हणजे रिक्षाचा आकडा झाला. साध्या टायरवर पुढच्या चाकांची गाडी नीट सुटली तर अडीचच्या आत-बाहेर येते. आणि सुरुवातीला वाचवलेल्या एका दशांशाचे शेवटी दीड-दोन दशांश होतात. आता बोला, कितीला सोडता? टायर कुठले, हवा किती, गाडीत कोण कोण होतं?

बाळीवेसचा_बाण
कितीला म्हणजे? फुल्ल रेस करून क्लच सोडतो, सगळे तसंच करतात. हवा पंपावर टाकतात तेवढी, नायट्रोजन आहे, ३८ बहुतेक. टायर २०५, १७ इंची अलॉय. गाडीत मी आणि विक्या.

साठ_फूट
विक्या कशाला?

बाळीवेसचा_बाण
व्हिडिओ काढायला.

जुळे_सोलापूरकर
😂 विक्याचं वजन?

बाळीवेसचा_बाण
८५ असेल. त्याचा काय संबंध, ८५ किलोनं काय होतंय.

साठ_फूट
ढोबळ हिशोब असा की ४५ किलोला एक दशांश सेकंद. तुमचा विक्या दोन दशांशाचा आहे. त्याला कठड्यापलीकडं उभा करा, व्हिडिओ पण चांगला येईल. डिकीत काय आहे?

बाळीवेसचा_बाण
स्टेपनी, जॅक, बेस ट्यूब आणि अ‍ॅम्प. बॅग होती चादरींची, मावशीकडं द्यायची होती.

टर्बो_तात्या
चादरी घेऊन ड्रॅगला! खरा सोलापूरकर.

होटगीरोड_एक्सप्रेस
हवेचं मी सांगतो. ३८ बरोबर आहे, उलट ४२ कर. टायर टणक असला की गाडी मोकळी पळते. सायकलचं बघ ना.

गॅरेजवाला_अशोकचौक
सायकलीला काय धूर काढायचा असतो का? पुढं २६-२८, मागं ३६-३८. पुढचा टायर थोडा बसला की रस्ता धरतो, मागचा टणक असला की ओढ लागत नाही. शर्यत झाली की लगेच भरून घ्यायची, तसाच हायवेला घालू नका. आणि सुटायच्या आधी चाक फिरवायला ते पाणी टाकलेलं असतं ना, त्याला वळसा घालून जावा. आपल्या टायरला नक्षी असते, पाणी आत धरून बसतं आणि सुटताना बरोबर खाली सोडतं. नुसती खडी झटकायला एकदा चाक फिरवलं की बास.

होटगीरोड_एक्सप्रेस
मी ४२ वर पळवलीय, मला शिकवू नका.

गॅरेजवाला_अशोकचौक
किती आले?

होटगीरोड_एक्सप्रेस
स्लिप सापडत नाही.

कडक_भाकरी
हा धागा वाचून भीती वाटायला लागली. रात्री अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडं ही पोरं सराव करतात, परवा माझा भाऊ कंपनीतून सुटून मोटरसायकलवर येत होता, थोडक्यात वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ बघा. रस्त्यावर शर्यत लावली तर पाच हजारांपर्यंत दंड आहे, कैद पण होऊ शकते.

बाळीवेसचा_बाण
मी धावपट्टीवरच पळवतो ताई.
(एमआयडीसीत एकदाच गेलो होतो.)

कडक_भाकरी
एकदा पण जाऊ नका.

साठ_फूट
ताईंचं बरोबर आहे. क्लच कुठं पकडतो ते गॅरेजच्या आवारात पण शिकता येतं, त्याला शंभरचा वेग लागत नाही.
आता सोडायचं कसं ते. तुमच्या इंजिनाचा जोर येतो २००० आरपीएमला, आणि ४००० च्या वर काही उरत नाही. १५०० ला सोडलं तर गाडी आधी मरते, मग टर्बो एकदम जागा होतो आणि चाक फिरतं. फुल्ल रेस करून सोडलं तर पहिल्या फुटापासूनच फिरतं. २२०० ते २५०० ला धरा, क्लच पकडायला लागतो तिथपर्यंत आणा, अर्धा-पाऊण सेकंद घासू द्या, गाडी हलली की मग पाय पूर्ण काढा. रेसचं पॅडल एकदम शेवटपर्यंत दाबू नका. गिअर ४००० च्या आसपासच टाका, ४००-५०० मागंपुढं चालेल, लाल पट्टीपर्यंत ओढण्यात वेळ जातो.
उभं राहताना स्टेजचा दुसरा दिवा नुसता लागला की थांबा. थोडं पुढं सरकून उभं राहिलं की फुकटचा फूटभर धावायला मिळतो तो जातो.

टर्बो_तात्या
क्लच घासायचा? प्लेट कोण देणार, तुम्ही?

साठ_फूट
फुल्ल रेस करून आपटल्यावर ड्राइव्हशाफ्ट कोण देणार, तुम्ही?

सेवानिवृत्त_एसटी
आमच्या वेळी क्लचवर पाय ठेवला तरी डेपो मॅनेजर पगारातून कापायचा.

जुळे_सोलापूरकर
काका हुरडा सुरू झाला का तुमच्याकडं? मंगळवेढ्याची ज्वारी यंदा कशी आहे?

सेवानिवृत्त_एसटी
अजून दाणा भरायचाय. गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास या. शेंगा चटणी घरची आहे.

बाळीवेसचा_बाण
हुरड्याचा वेगळा धागा काढा राव. मला एवढंच सांगा, सॉफ्ट टायर घेऊ की नको? चाक फिरताना सगळी गाडी थाडथाड उडते, डॅशबोर्डवरचा गणपती पडला माझा.

गॅरेजवाला_अशोकचौक
थांबा. थाडथाड म्हणजे? नुसतं सुंईं करून फिरतं का टायर उड्या मारतो?

बाळीवेसचा_बाण
उड्या. खालून कुणी हातोडा मारल्यासारखं. रिव्हर्स टाकताना पण एक ठोका येतो. सहा महिने झाले, सवय झाली.

गॅरेजवाला_अशोकचौक
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! फाउंडेशन गेलंय तुमचं. इंजिनाचं रबर फाटलं की इंजिन मागंपुढं डोलतं, चाक रस्ता पकडतं-सोडतं, पकडतं-सोडतं. सॉफ्ट टायर टाकला तर अजून जोरात उडेल आणि शाफ्ट तुटेल. टायरचे पैसे खिशातच ठेवा. बोनेट उघडा, हँडब्रेक लावा, एकाला पहिला टाकून क्लच किंचित पकडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नाही. इंजिन किती उचलतंय बघा.

टर्बो_तात्या
बदलायचंच आहे तर पॉलीयुरेथेनचं टाका. मी टाकलंय.

गॅरेजवाला_अशोकचौक
आणि सिग्नलला उभं राहिल्यावर दात वाजतात ते सांगा. रोज वापरायची गाडी आहे, कंपनीचंच टाका.

बाळीवेसचा_बाण
आत्ता गॅरेजमधून लिहितोय. क्लच पकडला की इंजिन चार बोटं उचलतंय. पहार घालून बघितलं तर खालच्या फाउंडेशनचं रबर मधून आरपार फाटलेलं, बोट जातंय आत. रीमॅपवाल्यानं गाडी वर घेऊन बघितलीच नाही. बदलायला टाकलंय. अलॉयचं पण सांगा, विकू?

साठ_फूट
विकू नका, त्या दिवसापुरती काढा. १७ इंची जड असतात आणि टायरची भिंत बुटकी, दाबायला जागाच नाही. झेडडीआयवाला (वरचं मॉडेल) कुणी मित्र असेल तर त्याची १५ इंची १८५ ची चाकं मागून घ्या. तुमची मूळची १६५ ची पण चालतील, पण ती जरा अरुंदच.

टर्बो_तात्या
२०५ सोडून १८५? रुंद टायर तो रुंद टायर.

साठ_फूट
तात्या, तुमचं आणि माझं यावर या जन्मी जमायचं नाही.

बाळीवेसचा_बाण
(सात आठवड्यांनी) राम राम. काल पळवून आलो. कंपनीचं फाउंडेशन, मित्राची १५ इंची चाकं, पुढं २७ मागं ३७, डिकी रिकामी, विक्या बाहेर. पहिल्या रनला सवयीनं फुल्ल रेस केली, परत फिरली, १८.०२. मग बोनेट उघडून वीस मिनिटं गार केली आणि २४०० ला धरलं. ६० फूट २.५१, शेवटी १७.६२, वेग तेवढाच १२३. गणपती जागेवर. वीस हजारातले सतरा शिल्लक आहेत.

होटगीरोड_एक्सप्रेस
४२ वर १७.४ आले असते.

जुळे_सोलापूरकर
बेस ट्यूब काढलीच आहे तर विकायची आहे का? आणि अ‍ॅम्प?