वक्रीभवन, अपवर्तन की प्रणमन?

तळटीप: 'रिफ्रॅक्शन'वरच्या (एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाचे वळणे) लेखाच्या अनुवादात एक वाक्य अडले आहे. किरण काचेवर लंब पडला तर आत सरळच जातो, फक्त त्याचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरवरून सुमारे २ लाखांवर येतो. मूळ लेखक यालाही 'रिफ्रॅक्शन'च म्हणतो. 'वक्रीभवन' घातले तर वाक्य होते 'या वक्रीभवनात किरण वळत नाही'. काय लिहावे?

लोलक: अपवर्तन. दहावीच्या पुस्तकात तेच आहे. वक्रीभवनातले 'वक्र'च चुकीचे. किरण माध्यमांच्या सीमेवर एकदाच दिशा बदलतो, पुढे पुन्हा सरळ. हवेतून ४५ अंशांनी पाण्यावर पडला तर आत स्तंभिकेशी (पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेशी) ३२ अंशांचा कोन करतो. यात वक्र काहीच नाही.

जुनेपान: पण अपवर्तन हा शब्द गणिताने कधीच घेतलाय. लीलावतीत समान संख्येने भागून लहान करणे म्हणजे अपवर्तन. शिवाय परावर्तन, अपवर्तन, विवर्तन यांत मुले हमखास घोटाळतात. विश्वकोशातले 'प्रणमन' बघा. नम् म्हणजे वाकणे, किरण स्तंभिकेकडे नमतो. 'प्रणमनांक' (माध्यम प्रकाशाला किती मंदावते ते सांगणारा अंक) कानालाही गोड.

लोलक: आणि पाण्यातून हवेत येताना? तेव्हा तो स्तंभिकेपासून दूर जातो, नमतो कुठे? ४८.६ अंशांच्या पुढे तर बाहेरच पडत नाही, सगळा आत परावर्तित होतो. अप + वृत् म्हणजे मूळ वाटेवरून बाजूला वळणे. हे दोन्हीकडे लागू पडते.

साधीभाषा: वक्रीभवन मोडीत काढू नका. तापलेल्या जमिनीलगत हवेची घनता उंचीनुसार हळूहळू बदलते, तिथे किरण खरोखरच वक्र जातो. मृगजळ त्यामुळेच दिसते. क्षितिजावरचा सूर्य सुमारे अर्धा अंश उचललेला दिसतो, तोही असाच. तेवढ्यापुरता हा शब्द राखावा.

तळटीप: माझा किरण मात्र लंब आहे, आणि तो अजून काचेतच अडकलाय.

जुनेपान: त्याआधी, प्रकाश जिथे सावकाश जातो त्याला 'घन माध्यम' म्हणतात, ते दुरुस्त करा. टर्पेंटाइन पाण्यावर तरंगते, तरी त्याचा प्रणमनांक १.४७ आणि पाण्याचा १.३३. वजनाने हलके असूनही प्रकाशाला तेच जास्त अडवते. वर 'घन' म्हणजे स्थायू असाही अर्थ निघतो.

साधीभाषा: 'मंद माध्यम' म्हणा ना. वेगाचीच तर गोष्ट आहे.

लोलक: मंद कोणासाठी? काचेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सावकाश जातो, म्हणून तर लोलकातून रंगांचे अपस्करण होते.

साधीभाषा: अपस्करण कशाला? रंग फाकतात. 'फाकणे' हा धडधडीत मराठी शब्द आहे.

जुनेपान: फाकण्याची भाववाचक संज्ञा सांगा, मग 'अपस्करणांक'च्या जागी काय ते बोलू.