विद्युतदर्शीची पानं उघडतच नाहीत, शनिवारी पोरीचं प्रदर्शन आहे

माग_जॉबर (अक्कलकोट रोड, सोलापूर)

नमस्कार. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग दुरुस्तीचं काम. पोरगी सातवीला. सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात स्थितिक विद्युतचा धडा आहे, त्यातला सुवर्णपत्र विद्युतदर्शी (प्रभार असलेली वस्तू जवळ आली की ज्याची दोन पातळ पानं फाकतात ते साधन) तिला घरच्या सामानातून करून दाखवायचाय. आज सोमवार, शनिवारी प्रदर्शन.

आम्ही केलंय ते असं. मधाची रिकामी काचेची बाटली, तिला लाकडी बूच, बुचातून तांब्याची तार. तारेच्या वरच्या टोकाला फॉइलचा गोळा, खाली आकडा. आकड्यावर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या दोन पट्ट्या, एक सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर लांब. वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाईप आमच्याच कारखान्यातल्या टॉवेलनं घासून गोळ्याजवळ नेतो. पट्ट्या जागच्या हलत नाहीत.

मे महिन्यात हाच पाईप आणि हाच टॉवेल घेऊन रात्री गच्चीवर मी पोरीला एक गंमत दाखवली होती. कॅरीबॅग आडवी कापून तिचं पातळ कडं केलं, ते पण टॉवेलनं घासलं, वर उडवलं आणि पाईप खालून धरला. कडं फुगून गोल झालं आणि हवेत तरंगत राहिलं. पोरगी पाईप घेऊन गच्चीभर त्याच्यामागं पळत होती. तेव्हापासून तिला हे वेड लागलंय. काल मला म्हणाली, "पप्पा, पुस्तकातलं खोटं आहे का?" त्याचं उत्तर मला द्यायचंय. कुठं चुकतंय?

निवृत्त_विज्ञानशिक्षिका

दादा, पुस्तक खोटं नाही आणि तुमचा पाईपही नाही. मे आणि सप्टेंबर यांत काय बदललं ते बघा. तुमच्या धंद्यातलाच प्रश्न विचारते: सूतगिरणीत हवेत मुद्दाम ओल का धरतात?

माग_जॉबर

दोरा तुटू नये म्हणून. कोरड्या हवेत सूत कडक होतं, तंतू उभे राहतात, एकमेकांना चिकटतात. पॉलिस्टर असलं तर विचारूच नका, उन्हाळ्यात हात नेला की केस उभे राहतात. आम्ही पण शेडमध्ये फरशीवर पाणी मारतो.

बाई, म्हणजे तेच का? तिथं आम्ही जे घालवायला पाणी मारतो, तेच मी इथं साठवायला बघतोय?

निवृत्त_विज्ञानशिक्षिका

तेच. प्रभार तयार होतोय, पण टिकत नाही. दमट दिवसात काचेवर, बुचावर, पाईपवर पाण्याचा डोळ्याला न दिसणारा थर बसतो आणि त्यावरून प्रभार निसटतो. तुमचं सगळ्यात कच्चं ठिकाण म्हणजे लाकडी बूच. लाकूड ओल धरतं. ते काढून टाका. जुन्या बॉलपेनची प्लॅस्टिकची नळी घ्या, तार तिच्यातून घाला आणि नळीभोवती मेणबत्तीचं मेण ओतून बाटलीचं तोंड बंद करा. मेणासारखा रोधक घरात दुसरा मिळणार नाही. बंद करायच्या आधी बाटली उन्हात तापवा आणि बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी तव्यावर मंद शेकून आत टाका.

पाईप साबणानं धुऊन कडकडीत वाळवा. टॉवेल कोरा, न वापरलेला घ्या. अंग पुसलेल्या टॉवेलला खोबरेल आणि घाम असतो. घासण्याआधी त्यावरून गरम इस्त्री फिरवा. लोकरीचा मफलर असेल तर जास्त चांगलं.

वाइंडिंगवाला_विजापूर_रोड

जॉबरभाऊ, तांब्याची तार कुठून आणली?

माग_जॉबर

जळालेल्या मोटारीची होती पडलेली. चांगली जाड आहे.

वाइंडिंगवाला_विजापूर_रोड

मग अर्धा रोग तिथंच आहे. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो, नाहीतर वेटोळे एकमेकांना लागून शॉर्ट झाले असते. तार तांब्याची दिसते, पण फॉइल तांब्याला टेकतच नाही. दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासा, लालसर चकाकी आली पाहिजे. आकड्यावर पट्ट्या दाबून दुमडू नका, भोक पाडून सैल अडकवा. पोळीची फॉइल विद्युतदर्शीला जाडच पडते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पुष्कळ पातळ असतो, पण बोटाला चिकटून फाटतो, पोरीला वैताग येईल.

आणखी ठिणगी पाहिजे तर मच्छर मारायची बॅट खोलून घ्या, त्यात तयार हाय व्होल्टेज मिळतं.

निवृत्त_विज्ञानशिक्षिका

बॅट नको. तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये बटण सोडल्यावरही विद्युत साठलेली राहते, मुलांच्या हातात ती उघडून देऊ नये. ठिणगीच हवी असेल तर व्होल्टानं 1775 मध्ये जगापुढं आणलेला इलेक्ट्रोफोरस करा. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल लोकरीनं घासा. ॲल्युमिनियमच्या ताटाच्या मधोमध प्लॅस्टिकचा पेला चिकटवा, ती मूठ. ताट थर्माकोलवर ठेवा, बोट लावा, बोट काढा, मग पेल्याला धरून ताट उचला. आता बोट जवळ न्या, टच्‌ करून ठिणगी उडेल. हवेत एक मिलिमीटर ठिणगीला साधारण 3000 व्होल्ट लागतात, पण प्रभार इतका थोडा असतो की मुंगी चावल्यासारखं वाटतं.

माग_जॉबर (गुरुवार रात्र)

झालं! टोकं घासली, मेण ओतलं, बाटली दुपारभर पत्र्यावर तापवली. रात्री दिवाणखान्यात पंखा बंद करून बसलो. पाईप गोळ्यापासून वीतभर लांब असतानाच पानं अशी फाकली, जसे माणसानं पाय पसरावेत. पोरीनं आईला ओरडून बोलावलं. पाईप गोळ्यावरून पुसत नेला तर पाईप बाजूला केल्यावरही पानं उघडी राहिली, जेवण होईपर्यंत पूर्ण मिटली नव्हती. लाकडी बूच पण तिनं ठेवलंय, दोन्ही शेजारी मांडून फरक दाखवणार म्हणते.

ताटाचं पण जमलं. अंधारात टेस्टरच्या मागच्या टोपीला बोट लावून टोक ताटाला टेकवलं की आतला दिवा लुकलुकतो. एकदा घासलेल्या थर्माकोलवर ताट ठेवून उचललं, असं आम्ही वीसेक वेळा केलं, तरी ठिणगी येतीच. पोरगी विचारते, परत न घासता एवढी विद्युत येती कुठून? मला सांगता आलं नाही. एक अडचण पण आली: ताट उचलताना थर्माकोल त्याच्यासोबत वर येतोय, शेवटी टेबलाला टेपनं चिकटवला.

निवृत्त_विज्ञानशिक्षिका

दादा, तिला म्हणावं टेप काढ आणि ताट सावकाश उचल. थर्माकोल ताटाला धरून ठेवतोय, ती ओढ तोडायला हाताला जोर लावावा लागतो. थर्माकोलचा प्रभार तसाच राहतो, ठिणगी त्या जोरातून येते, म्हणजे वीस वेळा तिच्याच हातानं दिलेली आहे. प्रदर्शनात टेप लावायच्या आधी सगळ्यांना हे एकदा करून दाखव म्हणावं.

माग_जॉबर

सांगितलं. आता परत उठून ताट घेऊन बसलीय.